चढावर दुखणारा दात

माझी आक्का हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिलेली. हिर्डोशीपर्यंत एसटी, तिथून वरंध घाटाच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की एक पायवाट लागते. ती रस्ता सोडल्या सोडल्या डोंगराला भिडते आणि वाडीत पोचेपर्यंत कुठं सपाट होत नाही. लग्नाचं वऱ्हाड त्याच वाटेनं वर गेलं होतं. निम्म्यात आमची मावशी एका दगडावर बसली आणि म्हणाली, "पोर दिलीया का डोंगराला वाहिलीया?" आक्का मागं वळून हसली होती. नवरीनं असं हसू नये म्हणून कुणीतरी तिला दटावलंही.

ती माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो आणि पुढं कितीतरी दिवस मला भाकरी गोड लागली नाही. नंतर शिकलो, मास्तर झालो. नोकरी वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला पालीजवळच्या एका शाळेत, घर भोरात. आक्काकडं जाणं व्हायचं ते सुट्टीत. तिला मूलबाळ झालं नाही. दाजी, ती, एक म्हैस आणि डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी उतरत गेलेली भाताची खाचरं, एवढाच संसार. पण त्यात ती दिवसभर पळत असायची. तिला निवांत बसलेली मी कधी पाहिली नव्हती. जेवतानासुद्धा उकिडवी, उठायच्या तयारीत.

दाताचं दुखणं गणपतीच्या सुमाराला सुरू झालं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढायला लागलं की डावा जबडा दुखायचा. कळ कानाच्या पाळीपर्यंत जायची. भारा टाकून बसलं की थोड्या वेळानं थांबायची. ती मिश्री लावणारी. दुखायला लागल्यावर जास्तच लावायला लागली. मला फोनवर म्हणाली, "आरं, माझा दात लई शाना हाय बघ. चढाला दुखतोय, उताराला न्हाई."

मी हसलो. पलीकडून दाजींचाही आवाज आला, "दाताला बी कामाचा कटाळा आलाय!" तिघंही हसलो.

मग एक दिवस ती भोरात आली. मी तिला दाताच्या डॉक्टरांकडं नेलं. दाढ खरोखरच किडलेली होती, मुळापर्यंत. त्यांनी ती काढली. आक्कानं ती दाढ कागदात बांधून घेतली, दाजींना दाखवायला. आठवडाभरानं मी विचारलं तर म्हणाली, "दाढ गेली, दुखणं ऱ्हायलं." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. वाडीतल्या बायकांच्या अंगात असली न सांगितलेली दुखणी बरीच असतात. त्यात आणखी एक.

ते दुखणं दाताचं नव्हतंच. चढ चढताना येतं आणि बसलं की जातं, असं दुखणं जबड्यात असो, खांद्यात असो की पाठीत, ते हृदयाचं असू शकतं. काम वाढलं की त्याला रक्त जास्त लागतं, आणि ते आणणारी नळी आतून अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी मला हे कागदावर रेघा मारून समजावून सांगितलं. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

त्याच वर्षी वेल्ह्यात आम्हा शिक्षकांसाठी एक शिबिर झालं होतं. गडाच्या वाटेवर शहरातून आलेला एक माणूस चढता चढता बसला आणि बसल्या जागीच गेला, म्हणून ते ठेवलेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. रबराच्या बाहुल्याची छाती कशी दाबायची ते त्यांनी आम्हाला करून दाखवलं, आमच्याकडून करून घेतलं. मागच्या रांगेत चेष्टा चालली होती. बाई तशाच बोलत राहिल्या. म्हणाल्या, "सिनेमातल्यासारखा माणूस छाती धरून कोसळेलच असं समजू नका. बायकांना, साखर असलेल्यांना कधीकधी छातीत कळ येतच नाही. नुसता घाम, मळमळ, जबडा, हात. अशा वेळी पित्त आहे का, वात आहे का, हे बघत बसू नका. माणसाला चालवू नका. ॲस्पिरिनची गोळी मिळाली तर चावून खायला लावा, बारीक असेल तर तीन-चार."

त्यातलं एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

दिवाळीची सुट्टी उरली होती म्हणून मी भात झोडायला वाडीवर गेलो. सकाळचं ऊन नुकतं खळ्यावर आलं होतं. हवेत चांगलाच गारवा होता. दाजी, त्यांच्या भावाची बायको म्हणजे आक्काची जाऊ, आक्का आणि मी, असे चौघं फळीवर पेंढ्या आपटत होतो. आक्काचा हात सगळ्यांत जोरात चालायचा. मध्येच तिच्या पेंढीचा आवाज थांबला. बघितलं तर तिनं हातातली पेंढी हळूच खाली ठेवली होती आणि खळ्याच्या कडेला ती बसली होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. मळमळतंय वाईच. सकाळी शिळं खाल्लं."

तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि त्यांना भाताचं कुसळ चिकटलं होतं. गळ्यावरून घाम ओघळत होता. आम्ही राबत होतो तरी आम्हाला घाम नव्हता. तोंड राखेसारखं झालेलं.

जाऊ म्हणाली, "पित्त हाय. आलं-लिंबू देते, उलटी झाली की बरं वाटंल." शेजारची म्हातारी येऊन बघून गेली, तिच्या मते वारं भरलं होतं, पाठ चोळायला हवी होती. दाजींनी पाण्याचा तांब्या आणला आणि हातात धरून उभे राहिले.

मी विचारलं, "पाठ दुखतीय का?"

"पाठ न्हाई. ह्यो हात जड झालाय. आन् दाढ."

"दाढ काढली की आपण."

"तीच," ती म्हणाली. "काढल्याली दाढ दुखतीया."

वेल्ह्यातल्या त्या खोलीतला बाईंचा आवाज जसाच्या तसा कानात आला.

आक्काला ओकारी आली म्हणून ती उठून घरामागं जायला लागली. मी तिचा खांदा दाबून खाली बसवलं. म्हटलं, "इथंच ओक. एक पाऊल टाकायचं नाही." तिथंच ओकली. मग तिला पेंढ्यांच्या ढिगाला टेकवून अर्धवट बसती केली. जावेला चोळी सैल करायला सांगितली आणि पाठ फिरवून उभा राहिलो. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्यांना पूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. त्यांना रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिनची गोळी चालू होती, ती मला माहीत होती. त्यांच्या उशाखालचं पाकीट आणलं. गोळ्या बारीक होत्या, म्हणून चार घेतल्या आणि तिला चावून खायला लावल्या. तिनं तोंड वाकडं केलं. "गिळती की," म्हणाली. मी म्हटलं, "चाव."

दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, काय हाय हे?"

"हार्ट अटॅक वाटतोय, दाजी."

"न्हाई वो. तिच्या छातीत कुठं दुखतंय?"

मोबाईलला रेंज मिळते ती फक्त देवळामागच्या खडकावर. तिथं चढून मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं. भोरहून गाडी लगेच निघेल म्हणाली. मग म्हणाली, "पेशंटला रस्त्यापर्यंत आणून ठेवा."

वाडीत पुरुषमाणसं होती ती सगळी उतरत्या वयाची. पोरं दिवाळी करून पुण्याला, शिरवळला कंपन्यांत परत गेली होती. गोणपाटाच्या चवाळ्याची झोळी करून बांबूला बांधली. आक्का ऐकेना. "चालती मी. भावकीच्या खांद्यावर जाऊ व्हय? मेल्यावर न्यायचंच हाय तुमाला."

"गप बस," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज असा फाटलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. तीही गप झाली.

उतार निसरडा नव्हता, पण दगडांचा होता. पुढचे दोघं बांबू खांद्यावर घेऊन, मागचे दोघं छातीशी धरून. थोड्या थोड्या अंतरानं थांबून खांदे बदलावे लागायचे. माणसांना दम लागायचा, आणि तरी कुणी बसत नव्हतं. सासऱ्याच्या नात्यातल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला उचललंय, या लाजेनं आक्कानं पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्यामुळं तिचा चेहरा दिसेना. मी झोळीच्या बाजूनं चालत तिच्या हातावर हात ठेवून होतो. हात ओला आणि गार. मध्येच पदराआडून म्हणाली, "म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलंय."

"दावलंय," दाजी म्हणाले. दावलं नव्हतं.

रस्त्यावर आलो तर अँब्युलन्स नव्हती. भोरापासून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वळणं घेत येणारा तो रस्ता. यायला वेळ लागणारच होता, त्यात कुणाचा दोष नाही. वाट बघणं मला सहन होईना. महाडकडून एक टेम्पो आला, रिकामाच. चालकानं न विचारता फाळका पाडला. मागं पोती अंथरली होती त्यावर तिला टेकवून बसवलं. दाजी एका बाजूला, मी एका बाजूला.

वाटेत तिनं पदर बाजूला केला. बराच वेळ पाण्याकडं बघत होती. मग मला म्हणाली, "आरं, मी मरती का?"

"नाही."

"खरं सांग. मास्तर हाईस ना."

"तुला अटॅक आलाय, आक्का. पण आपण निघालोय. गाडी समोरून येतीय."

ती म्हणाली, "आटॅक तर मोठ्या लोकांस्नी येतो."

अँब्युलन्स निम्म्या वाटेत भेटली. तिथंच रस्त्यात तिला टेम्पोतून गाडीत घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला. भोरात दवाखान्यात छातीचा आलेख, म्हणजे ईसीजी काढला, डॉक्टरांनी तो बघितला. मग सगळं भराभर झालं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या गाडीनं पुण्याला पाठवलं. साखरही निघाली, भरपूर. किती वर्षांपासून होती कोण जाणे. कापूरहोळच्या पुढं हायवेला लागल्यावर गाडी पळायला लागली. त्या सरळ, रुंद रस्त्याचा मला संताप आला.

पुण्यात नळीत जाळी बसवली. आक्का वाचली. ते डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही लवकर ओळखलंत म्हणून त्या इथवर आल्या." मग आलेखावरून बोट फिरवत म्हणाले, "पण पोचायला उशीर झाला. रक्त मिळत नाही तेवढा वेळ हृदयाचा स्नायू मरत असतो. मेलेला परत येत नाही. बराचसा गेलाय." घरी सोडताना त्यांनी गोळ्या समजावून दिल्या. मीठ कमी, ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा नाही.

दाजी इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "मग घरी कसं जायाचं?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, घराला रस्ता नाही, चढच आहे. त्यांनी दाजींकडं बघितलं आणि म्हणाले, "मग त्यांना खालीच राहू द्या."

अशी आक्का भोरात माझ्या घरी आली. माझ्या बायकोनं तिचं सगळं मनापासून केलं. तिच्यासाठी खिडकीशी कॉट टाकली. पण खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. तांब्याभर पाणी आणायला उठली तरी तिला धाप लागायची. पावलं सुजायची, बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. रात्री आडवं झालं की जीव घाबरायचा म्हणून उशांची चळत लावून ती बसूनच झोपायची. सकाळी माझ्या बायकोला विचारायची, "काय निवडायचं हाय का?" बायको तांदूळ द्यायची, शेंगा द्यायची. काहीच नसेल तेव्हा निवडलेलेच तांदूळ पुन्हा देत असे. आक्काला ते कळायचं. तरी निवडायची.

दाजी बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे. दोघं समोरासमोर बसायची. ती विचारायची, म्हैस किती देते, वरच्या खाचराचा बांध धरला का, कुणाची जनावरं शिरली का. ते उत्तरं द्यायचे. मग बोलणं संपायचं आणि एसटीची वेळ होईपर्यंत नुसतीच बसायची. एकदा दाजींनी म्हैस भावाकडं दिल्याचं सांगितलं. त्यानंतर तिनं दुधाचं विचारणं बंद केलं. मी दाजींना म्हटलं होतं, तुम्हीही खाली या. ते म्हणाले, "हितं येऊन काय करू, मास्तर? तिच्यासंगं बसून राहू?"

एक दुपार मला विसरता येत नाही. रविवार होता, ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कशाला वळखलंस रं?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. रागानं म्हणाली नव्हती. एखादी गोष्ट समजत नाही म्हणून विचारावी तसं विचारलं होतं. मी सरकून तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे," आणि शेंगांचं सूप पुढं ओढलं.

शिवरात्रीच्या आसपास तिनं हट्ट धरला, घर बघायचं. डॉक्टरांना विचारून मी गाडी केली आणि पायवाट सुरू होते तिथपर्यंत नेलं. दाजी खाली येऊन थांबले होते. तिला रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. तिथून वर झाडांतून त्यांच्या घराची कौलं दिसतात. ती बघत राहिली. "कौलं शाकारायला पायजेत," म्हणाली. "व्हय," दाजी म्हणाले. मग ती उठली, पायवाटेपाशी गेली, पहिल्या दगडावर पाय ठेवला. मी धावलो नाही, दाजीही हलले नाहीत. तिनं पाय परत घेतला आणि गाडीकडं वळली.

चैत्रात तिच्या फुफ्फुसात पाणी भरलं. हृदयाला रक्त पुढं ढकलायची ताकद उरली नाही की असं होतं. पहिल्या खेपेला इंजेक्शनांनी पाणी उतरलं, दुसऱ्या खेपेला उतरलं नाही. भर दुपारी, दवाखान्यात, ती बसल्या बसल्या गेली, कारण तिला आडवं होता येत नव्हतं. माझी बायको जवळ होती. मी शाळेतून निघालो तेव्हा ती जिवंत होती. नसरापूरला पोचलो तेव्हा फोन आला. माझी मोटारसायकल रस्त्याच्या कडेला घेऊन मी उभा राहिलो. काही करायचं उरलं नव्हतं म्हणून घाईही नव्हती.

दाजी म्हणाले, "वर न्यायची." नेली.

दहाव्याला मी पुन्हा वाडीवर गेलो. वाटेत मी स्वतःच दोनदा बसलो. विधी उरकले, कावळा शिवला, माणसं पांगली. दाजी ओट्यावर बसून होते. खाली खाचरांत राब भाजायचं काम चालू होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून ते जाळतात, तो धूर सगळ्या उतारावर होता. जाऊ खालच्या गोठ्यातून वरच्या खाचरासाठी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन वर आली, पाटी ओट्यापलीकडच्या ढिगावर ओतून माझ्याजवळ टेकली. तिला दम लागला होता.

म्हणाली, "मास्तर, मला बी आताशा चढाला हितं दगड ठिवल्यावानी व्हतंय." तिनं छातीच्या मधोमध तळवा ठेवला. "बसलं की जातंय."

मी तिला सगळं सांगितलं. नळी, रक्त, जाळी, साखर. हातात हात घेऊन सांगितलं की उद्याच भोरात या, मी स्वतः नेतो, छातीचा आलेख काढू, आता वेळ आहे. ती लक्ष देऊन ऐकत होती. मान डोलावत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आक्कासाठी होतं की स्वतःसाठी, मला कळलं नाही.

"येते की," ती म्हणाली. "येवढा राब होऊन जाऊ दे."

"राबानंतर पेरणी येईल."

"मग पेरनी झाली की."

"आणि मग लावणी."

ती ओशाळून हसली. मी दाजींकडं बघितलं. त्यांनी नुसता हात हलवला, जाऊ द्या अशा अर्थानं. जावेनं चुंबळ नीट केली, पाटी डोक्यावर चढवली. आता पाटी रिकामी होती आणि ती खाली उतरत होती, त्यामुळं भराभर गेली. भरून घेऊन परत निघाली तेव्हा मी बघत होतो. मधल्या बांधापाशी ती थांबली, एक हात कमरेवर ठेवून थोडा वेळ उभी राहिली, आणि मग चढायला लागली.